तिसरीच्या वर्गात सध्या काय चालले आहे: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या सत्रात पालकांनी दैनंदिनीत लिहून, सभेत किंवा शाळा सुटताना दारात उभे राहून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्यतो पालकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न केला आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सध्या वर्गात नेमके काय शिकवणे चालू आहे?

गणितात तीन अंकी संख्यांची बेरीज आणि वजाबाकी पूर्ण होत आली असून गुणाकार, साधे अपूर्णांक आणि घड्याळ हे भाग चालू आहेत. परिसर अभ्यासात बी रुजण्याचा प्रयोग, सावली व चंद्र यांचे निरीक्षण आणि लांबी व धारकता यांचे मोजमाप असे काम सुरू आहे. भाषेच्या तासाला मुले स्वतः निवडलेले पुस्तक वाचतात आणि पाहिलेल्या गोष्टीचे लेखन करतात. या सगळ्या कामांत आमचा एक आग्रह समान आहे. उत्तर सांगताना ते कसे काढले हेही मुलाने सांगावे, आणि निरीक्षण लिहिताना आपल्याला काय दिसले व त्यावरून काय वाटले हे वेगवेगळे लिहावे, असे आम्ही रोज सांगतो. पुढील बऱ्याच प्रश्नांचे मूळ या आग्रहातच आहे.

२. वही जवळजवळ कोरी दिसते. मग मुले दिवसभर करतात काय?

काही दिवशी वहीत दोनच ओळी किंवा एखादे चित्र असते, हे खरे आहे. त्या दिवशी मुलांनी काड्यांचे गठ्ठे सोडून वजाबाकी केलेली असते, मैदानावर सावली मोजलेली असते किंवा गटात बसून एकाच उदाहरणाच्या तीन रीती एकमेकांना समजावलेल्या असतात. फळ्यावरचा मजकूर उतरवून घेतला की वही लवकर भरते, परंतु त्यातले किती समजले हे वहीवरून कळत नाही. आपण घरी "आज काय शिकवले?" असे विचारले, तर बहुतेक मुले "काही नाही" असेच म्हणतील. त्याऐवजी "आज काय मोजले?", "आज कोणाशी तुझे मत जुळले नाही?" किंवा "वहीतल्या या चित्रात हे वाकडे काय आहे?" असे नेमके विचारावे. चित्रावर बोट ठेवून विचारलेल्या प्रश्नाला मुले भरभरून उत्तर देतात, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

३. गृहपाठ रोज का दिला जात नाही?

वर्गात न समजलेली गोष्ट घरी एकट्याने करायला लावली, तर मूल चुकीच्या रीतीचाच सराव करते. म्हणून सरावाचा गृहपाठ भाग समजल्यानंतर दिला जातो. रोजचे म्हणावे असे काम एकच आहे, ते म्हणजे वाचन. त्याविषयी प्रश्न १२ पाहावा.

४. पाढे पाठ करून घेता की नाही? आमच्या वेळी तीसपर्यंत पाठ होते.

पाढे पाठ हवेतच. पुढे भागाकार, अपूर्णांक आणि मोठे गुणाकार करताना सात आठे छप्पन हे क्षणात आठवले नाही, तर मुलाचे सारे लक्ष तेवढ्या गुणाकारातच अडकते आणि मूळ उदाहरण हातातून निसटते. आमचा क्रम मात्र थोडा वेगळा आहे. आधी मुले चौकटीच्या वहीत सात ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ घरे रंगवतात. तीच वही आडवी फिरवली की आठ ओळी आणि प्रत्येकीत सात घरे दिसतात, रंगवलेली घरे मात्र तेवढीच राहतात. त्यामुळे ७ × ८ आणि ८ × ७ वेगळे पाठ करण्याचे कारण उरत नाही.

एक ते दहाच्या पाढ्यांत १०० गुणाकार असतात. अदलाबदलीचे गुणाकार एकच धरले, तर ५५ उरतात. त्यांतून एक, दोन, पाच आणि दहा यांचे सोपे गुणाकार बाजूला काढले, की केवळ २१ शिल्लक राहतात. मुलांनी या २१ गुणाकारांच्या चिठ्ठ्या स्वतः तयार केल्या असून, जो पक्का झाला तो पाकिटाच्या दुसऱ्या कप्प्यात टाकायचा, असा नियम आहे. शंभर गोष्टी पाठ करायच्या आहेत या धास्तीतून मूल एकवीस गोष्टींपाशी येते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर होणारा बदल स्पष्ट दिसतो.

एखादा गुणाकार आठवला नाही तर तो जुळवता यावा, हेही आम्ही शिकवतो. सात पंचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस हे माहीत असेल, तर दोन्ही मिळवून छप्पन मिळतात. घरी पाढे म्हणून घेताना क्रमाने अवश्य म्हणून घ्यावेत, परंतु मधूनमधून क्रम मोडूनही विचारावे, कारण केवळ चालीवर पाठ झालेल्या पाढ्यात "सात आठे" गाठण्यासाठी मुलाला दर वेळी "सात एके सात" पासून निघावे लागते. अकरा ते तीसच्या पाढ्यांना आमचा विरोध नाही, परंतु दहापर्यंतचे पक्के होण्याआधी त्यांची घाई करू नये.

५. वजाबाकीची तुमची रीत आमच्या रीतीपेक्षा वेगळी आहे. घरी कोणती शिकवावी?

येथे उदाहरण घेऊनच बोलणे बरे. ५०३ वजा २७८ हे उदाहरण आम्ही दिले, तेव्हा बऱ्याच मुलांचे उत्तर ३७५ आले. ही चूक निष्काळजीपणाची नाही. त्या मुलांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेले सात, पाचातून दोन गेले तीन. यामागे एक पक्का, पण चुकीचा नियम आहे. अशा वेळी उत्तर खोडून योग्य उत्तर लिहून दिले, तर तो नियम मुलाच्या डोक्यात तसाच राहतो. आम्ही मुलांना २७८ मध्ये ३७५ मिळवायला सांगितले. बेरीज ६५३ आली, ५०३ आली नाही, आणि आपली रीत कोठेतरी बिघडली आहे हे मुलांनी स्वतःच ओळखले.

त्यानंतर काड्यांचे गठ्ठे घेतले. शतकाचा एक गठ्ठा सोडला की दहा दशक मिळतात आणि त्यांतला एक दशक सोडला की दहा सुट्या काड्या मिळतात. म्हणजे ५०३ हे चार शतक, नऊ दशक आणि तेरा सुटे असे मांडता येतात. त्यांतून दोन शतक, सात दशक आणि आठ सुटे काढले की २२५ उरतात. दशकाच्या घरात शून्य असताना तेथे एकदम नऊ कोठून आले, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न काड्या हातात घेतल्यावरच सुटतो.

काही पालक वरच्या अंकात दहा आणि खालच्या पुढच्या अंकात एक मिळवण्याची रीत वापरतात. तीही पूर्णपणे बरोबर आहे, कारण दोन्ही संख्यांत सारखीच भर घातली तर त्यांच्यातील फरक बदलत नाही. हेच तत्त्व वापरून एका मुलाने दोन्ही संख्यांत दोन मिळवले आणि ५०५ वजा २८० असे करून तोंडीच २२५ सांगितले. आपली विनंती एवढीच, की मुलाची एक रीत पक्की होईपर्यंत दुसरी रीत समोर आणू नये. ती पक्की झाल्यावर आपली रीत अवश्य दाखवावी आणि उत्तर तेच का येते हे मुलाला शोधायला सांगावे.

६. चारपेक्षा आठ मोठे, मग एक अष्टमांश एक चतुर्थांशापेक्षा लहान कसा? मूल हे मान्यच करत नाही.

पूर्ण संख्यांबाबत मुलाने जे काही शिकले आहे, ते येथे उलटे झाल्यासारखे वाटते, म्हणून ते अडते. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्याव्यात. एक पट्टी दोनदा दुमडावी म्हणजे चार भाग होतील, दुसरी तीनदा दुमडावी म्हणजे आठ भाग होतील. त्यांतील एकेक भाग रंगवून शेजारी ठेवला की वाद मिटतो. दुमडण्याचे काम मुलानेच करावे. भाग वाढतात तसतसा प्रत्येक भाग लहान होतो, हे बोटांना जाणवले पाहिजे.

वर्गात एका मुलीने यावर घेतलेली हरकत फार मोलाची होती. मोठ्या कागदाचा पाव भाग लहान कागदाच्या अर्ध्या भागापेक्षा मोठा असू शकतो, असे तिने दोन कागद समोर धरून दाखवले. ते बरोबरच आहे. अपूर्णांकांची तुलना करताना दोन्हींचा पूर्ण भाग सारखाच असावा लागतो, ही अट त्या दिवसापासून वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या शब्दांत लिहिलेली आहे.

७. मूल डिजिटल घड्याळ सहज वाचते, मग काट्यांच्या घड्याळात का अडते?

मुख्य अडचण तास काट्याची असते. दोन वाजून पंचावन्न मिनिटे झाली असता तास काटा तीनला जवळजवळ टेकलेला असतो, त्यामुळे मूल "तीन पंचावन्न" वाचते. तास काटा एका तासात एका अंकावरून पुढच्या अंकापर्यंत सावकाश सरकत असतो, हे त्याच्या लक्षात आलेले नसते. म्हणून आम्ही आधी केवळ तास काटा असलेले पुठ्ठ्याचे घड्याळ वापरले. मिनिट काटा नसतानाही "तीनला थोडेच कमी आहे" किंवा "पाच आणि सहाच्या बरोबर मध्ये आहे" असे मुलांना सांगता येऊ लागले, की मग मिनिट काटा बसवला.

दुसरी अडचण पावणे, सव्वा आणि साडे यांची आहे. पावणेतीन ऐकून मूल ३:४५ लिहिते, कारण त्याच्या कानावर "तीन" पडलेले असते. सव्वातीन आणि साडेतीन यांत तीन वाजून गेलेले असतात, पावणेतीनला मात्र तीन वाजायला पाव तास असतो. पाव आणि अर्धा यांचा अर्थ पट्टीवर समजला (प्रश्न ६) की घड्याळाची वर्तुळाकार तबकडी दुमडून तोच पाव भाग तेथे दाखवता येतो. दीड आणि अडीच यांना मूल "साडेएक" आणि "साडेदोन" म्हणत असेल, तर त्याला हसू नये. त्याने नियम अचूक पकडला आहे. या दोन जागी भाषाच नियम सोडून वागते, एवढेच त्याला सांगावे.

८. ऐकलेली संख्या लिहिताना ४७ च्या जागी ७४ लिहिले जाते. काळजी करावी का?

सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी लिहावे लागतात, त्यामुळे ही उलटापालट मराठीतून शिकणाऱ्या मुलांत सर्रास दिसते. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी येथे तर मुले हमखास चुकतात, कारण ऐकू येणारे दशक लिहिण्याच्या दशकापेक्षा एकाने पुढचे असते. अशी संख्या ऐकल्यावर "ही कोणत्या दोन दशकांच्या मध्ये येईल?" हे आधी विचारावे आणि मग लिहायला सांगावे. वर्ष संपत आले तरी चूक कायम राहिली, किंवा तिच्याबरोबर वाचनातही अक्षरांची सतत उलटापालट होत असेल, तर वर्गशिक्षकांना अवश्य भेटावे.

९. बरणीत बी ठेवण्याचा प्रयोग काय आहे? त्यातून मुले काय शिकली?

काचेच्या बरणीच्या आतून टीपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये घेवड्याचे बी अडकवले, तळाशी थोडे पाणी ठेवले आणि कागदातून ते वर चढू दिले. बी मातीत पुरले तर जे दिसत नाही, ते येथे रोज डोळ्यांसमोर घडते. पहिल्या दिवशी बियांचे साल सुरकुतले आणि मग बी फुगून ते गुळगुळीत झाले. त्यानंतर बियांवरच्या डोळ्याजवळ साल फाटले आणि पांढरे मूळ बाहेर आले. कोंब आधी येईल असे बहुतेक मुलांचे भाकीत होते, त्यामुळे या दिवशी वर्गात बराच गलका झाला.

मूळ खाली वळले, तेव्हा "पाणी खाली आहे म्हणून ते खाली गेले" असे स्पष्टीकरण मुलांनी दिले. ते तपासण्यासाठी एक बरणी आडवी केली. टीपकागद सगळीकडून सारखाच ओला असूनही मुळाचे टोक पुन्हा जमिनीच्या दिशेने वळले आणि तेथे काटकोनात वाक तयार झाला. मुळाला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, हे वाक्य आम्ही त्यानंतरच फळ्यावर लिहिले. मुलाच्या वहीतील ज्या वाकड्या रेषेबद्दल आपण विचारता, ती हीच.

कोंब वर आला तोही मान वाकवून आला. मातीत असता तर या वाकामुळे शेंड्याची कोवळी पाने माती ढकलताना चिरडली गेली नसती. बियांची दोन जाड दले, म्हणजे बीजपत्रे, खोडाबरोबर वर आली आणि पुढे हळूहळू सुकून गळाली. रोपाला स्वतःची हिरवी पाने फुटेपर्यंत या दलांतील अन्नसाठा पुरतो. एका गटाने सुकलेले दल आणि नुकते भिजवलेले बी शेजारी ठेवून त्यांच्या जाडीतील फरकाचे चित्र काढले आहे. माझ्या मते या सत्रातील ते सर्वांत चांगले चित्र आहे.

१०. आम्ही घरी तोच प्रयोग केला. बी उगवलेच नाही, उलट अंधारात ठेवलेले रोप जास्त उंच झाले. असे कसे?

बी न उगवण्याची कारणे वर्गातील तुलनेच्या बरण्यांमध्येही दिसली. कोरडे बी जसेच्या तसे राहिले, पाण्यात पूर्ण बुडवलेले बी हवा न मिळाल्याने कुजले, फ्रिजमध्ये ठेवलेले थंडीमुळे रुजले नाही आणि उकळलेले बी मेलेलेच होते. बी रुजण्यासाठी पाणी, हवा आणि योग्य उष्णता लागते. घरी बहुतेक वेळा पाणी जास्त होते. कागद ओला असावा, बी पाण्यात नसावे. जुने बीही दगा देते, म्हणून एकाऐवजी चार-पाच बिया ठेवाव्यात.

अंधाराबद्दलचे आपले निरीक्षण अचूक आहे. घेवड्याच्या बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागत नाही, म्हणून कपाटातल्या बरणीतही कोंब आले. पुढे ती रोपे प्रकाशातल्या रोपांपेक्षा उंच, परंतु बारीक आणि पिवळट झाली. अंधारातले रोप दलांमधील साठा वापरून प्रकाश गाठण्यासाठी लांबत जाते, प्रकाशाअभावी त्यात हरितद्रव्य तयार होत नाही, आणि साठा संपल्यावर ते कोलमडते. "उंच म्हणजे निरोगी" हा समज यामुळे तुटतो, म्हणून हे रोप फेकून न देता मुलाला त्याची शेवटपर्यंत नोंद करू द्यावी.

११. मैदानात काठी उभी करून काय चालते? आणि मूल म्हणते की चंद्र दिवसाही दिसतो, ते खरे का?

मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवून दर तासाला तिच्या सावलीच्या टोकावर खडूची खूण केली जाते. सकाळी सावली लांब आणि पश्चिमेकडे असते, मध्यान्हापर्यंत ती आखूड होत जाते आणि नंतर पूर्वेकडे लांबू लागते. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर बारा वाजता पडेल असे मुलांना वाटत होते, प्रत्यक्षात ती तशी पडली नाही. घड्याळाची वेळ एका मोठ्या प्रदेशासाठी एकच ठरवलेली असते, आणि सूर्य मात्र त्या प्रदेशातील प्रत्येक ठिकाणी वेगळ्या क्षणी डोक्याच्या रेषेत येतो; पूर्व-पश्चिम एका अंशाच्या अंतराला हा फरक ४ मिनिटांचा असतो. मुलांना अंशांचे गणित अजून सांगितलेले नाही, परंतु खुणा पाहून "सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा वेगळे आहेत" हे त्यांनी स्वतः लिहिले.

दोन गटांची मापे जुळली नाहीत, तेव्हा खरे कोणाचे यावरून वाद झाला. काठी किंचित कललेली होती आणि एका गटाने पट्टी शून्याच्या खुणेऐवजी कडेपासून लावली होती, असे शोधाअंती निघाले. हा शोध त्या दिवशीच्या मापांपेक्षा अधिक उपयोगी ठरला.

चंद्राबाबत मूल बरोबर सांगते. शुक्ल पक्षातील अष्टमीच्या सुमारास चंद्र दुपारीच पूर्वेकडे उगवलेला असतो, तर कृष्ण पक्षात तो सकाळी पश्चिमेकडे रेंगाळलेला दिसतो. चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा होतो आणि एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. घरी मुलाला मदत करताना एक काळजी घ्यावी. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असे सांगू नये, ती सावली केवळ चंद्रग्रहणात पडते. चंद्राचा निम्मा भाग सूर्यामुळे नेहमीच उजळलेला असतो, आणि त्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे त्यावर कला ठरते. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावावा, हात लांब करून चेंडू डोक्याच्या किंचित वर धरावा आणि मुलाने स्वतःभोवती सावकाश फिरावे, म्हणजे चेंडूवर सगळ्या कला क्रमाने दिसतात.

१२. मूल घडाघडा वाचते, पण काय वाचले ते सांगता येत नाही. काय करावे?

अक्षरे ओळखण्यातच सगळे लक्ष खर्च होत असेल, तर अर्थासाठी ते उरत नाही. काही मुलांचे उलट असते, म्हणजे उच्चार सफाईदार असतो, पण वाक्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. दोन्हींसाठी एकच साधी गोष्ट करून पाहावी. लहानसा उतारा घ्यावा, तो एकदा आपण मोठ्याने वाचावा, मग मुलाने वाचावा, आणि त्यानंतर "हे असे का घडले?" असा एकच प्रश्न विचारावा. नावे आणि आकडे विचारणारे प्रश्न टाळावेत, कारण त्यांची उत्तरे न समजताही मजकुरातून उचलता येतात.

मूल स्वतः वाचू लागले म्हणून त्याला वाचून दाखवणे थांबवू नये, असे आम्ही मनापासून सांगतो. ऐकून समजण्याची त्याची पातळी या वयात वाचून समजण्याच्या पातळीपेक्षा वरची असते, आणि नवे शब्द, लांब वाक्ये, निवेदनाचा ओघ हे त्याला ऐकण्यातूनच आधी मिळते. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याचा हट्ट असेल तर वाचू द्यावे, ओघ त्याने वाढतो. पुस्तक निवडताना पानावरचे बरेच शब्द अडत असतील, तर ते सध्या आपण वाचून दाखवण्याचे पुस्तक समजावे.

१३. लेखनातल्या सगळ्या चुका लाल शाईने का दाखवल्या जात नाहीत?

निरीक्षण लिहिताना मुलाचे लक्ष जे दिसले ते शब्दांत आणण्यावर असते. प्रत्येक ओळीखाली लाल रेघ आली, की पुढच्या वेळी ते आपल्याला नक्की लिहिता येणारे सोपे शब्दच वापरते. "सुरकुतलेले" हा शब्द टाळून "खराब" लिहिते, आणि निरीक्षण कोरडे होते. म्हणून आम्ही एका वेळी एकच बाब तपासतो: एका आठवड्यात रफार, दुसऱ्यात अनुस्वार, तिसऱ्यात शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व-दीर्घ. तेवढ्यापुरत्या चुका मूल स्वतः शोधून सुधारते.

येथेच आणखी एका शंकेचे उत्तर देतो. काही जुन्या पुस्तकांत "कवि" आणि "गुरु" असे ऱ्हस्व दिसते आणि मूल "कवी", "गुरू" लिहून आणते. मूल बरोबर आहे. १९६२ पासून रूढ असलेल्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारे इकार आणि उकार दीर्घ लिहितात. "आणि", "परंतु", "तथापि" यांसारखी अव्यये याला अपवाद आहेत, आणि सामासिक शब्दात ऱ्हस्व कायम राहतो, जसे "कविमन", "गुरुकृपा".

१४. पट्टी असताना वितीने आणि पावलांनी मोजायला का लावता?

मुलांनी वर्गाची लांबी स्वतःच्या पावलांनी मोजली, तेव्हा प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले, आणि सर्वांसाठी सारखे माप असण्याची गरज त्यांना स्वतःहून जाणवली. मग "मीटर कोणी ठरवला?" हा प्रश्न आला. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर असे ठरले, १७९९ मध्ये त्या लांबीची प्लॅटिनमची पट्टी तयार झाली, आणि १८७५ मध्ये पॅरिस येथे १७ देशांनी सामाईक मापांच्या करारावर सह्या केल्या. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. पट्टी झिजते किंवा वाकते, प्रकाशाचा वेग तसा बदलत नाही, हे कारण मुलांना लगेच पटले.

धारकतेच्या वेळी उंच, अरुंद भांड्यात जास्त पाणी आहे असे काही मुले ठामपणे सांगतात, मग ते पाणी त्यांच्यासमोर ओतलेले असले तरीही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या या विचारसरणीचा सविस्तर अभ्यास केला होता. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास ही समजूत बदलू लागते आणि सगळ्यांची एकाच वेळी बदलत नाही. येथे समजावण्यापेक्षा मुलाला स्वतः ओतून, परत ओतून पाहू देणे जास्त उपयोगी पडते.

१५. घरी आम्ही वेगळी भाषा बोलतो. मुलाचे नुकसान होते का?

होत नाही. घरची भाषा बंद करू नये. मुलाने प्रयोगात काय पाहिले ते आधी घरच्या भाषेत सांगितले तरी चालेल. विचार नीट जुळला की तो मराठीत मांडायला सोपा जातो. वर्गात अशा मुलांना चित्र आणि खुणा यांच्या आधाराने सांगण्याची मुभा आहे.

१६. मूल डावखुरे आहे. उजव्या हाताने लिहायची सवय लावावी का?

लावू नये. डाव्या हाताने लिहिताना हात लिहिलेल्या अक्षरांवरून सरकतो आणि ती झाकली जातात, म्हणून कागद किंचित उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तिरपा ठेवावा आणि पेन्सिल टोकापासून थोडी वर धरावी. वर्गात अशा मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवले जाते, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला धक्का लागत नाही. अक्षर वळणदार नसणे आणि डावखुरे असणे यांचा संबंध जोडू नये. फळ्यावरून उतरवताना मात्र वारंवार चुका होत असतील, तर हात कोणताही असो, एकदा डोळे तपासून घ्यावेत.

१७. घरी भरपूर बोलणारे मूल वर्गात गप्प असते, आणि तुम्ही तर "कसे केले ते सांग" म्हणता. त्याचे गुण जातात का?

सांगणे म्हणजे सगळ्यांसमोर उभे राहून बोलणे असे नाही. चित्राने, पट्ट्या मांडून, शेजाऱ्याला हळू आवाजात किंवा वहीत एका ओळीत लिहून दाखवलेली रीत आम्ही तितकीच ग्राह्य धरतो. प्रगतीची नोंद अशा सगळ्या प्रसंगांतून होते, एका परीक्षेवरून किंवा एका दिवसावरून होत नाही, आणि तीत क्रमांक दिला जात नाही. घरीही मोकळेपणाने बोलणे कमी झाले असेल, तर मात्र आम्हाला लवकर कळवावे.

१८. आमच्या मुलाला हे सगळे येते. पुढच्या इयत्तेचे शिकवावे का?

पुढे नेण्यापेक्षा खोल नेणे चांगले, असे आमचे मत आहे. ज्याला ५०३ वजा २७८ येते, त्याला "उत्तर २२५ येईल अशा आणखी वजाबाक्या तयार कर, आणि त्या किती होऊ शकतील ते सांग" असे विचारून पाहावे. पाढे येणाऱ्या मुलाला नऊच्या पाढ्यातील उत्तरांच्या अंकांची बेरीज करायला सांगावी आणि ती नेहमी नऊच का येते, याचा शोध घेऊ द्यावा. पुढच्या इयत्तेची रीत आधीच पाठ झालेले मूल ती वर्गात आल्यावर विचार करणे थांबवते, आणि पुढे अपूर्णांकांच्या बेरजेत तेच अडते.

१९. आजारपणामुळे बरेच दिवस गैरहजेरी झाली. काय भरून काढावे?

सर्व वही उतरवून घेण्याची गरज नाही. गणितातील सुटलेला भाग मात्र क्रमाने घ्यावा: आधी प्रश्न ५ मधील गठ्ठे सोडण्याची रीत, मग गुणाकाराच्या चौकटी (प्रश्न ४), मग पट्ट्यांचे अपूर्णांक, आणि घड्याळ सर्वांत शेवटी, कारण त्याला पाव आणि अर्धा यांचा आधार लागतो. बियांच्या प्रयोगाची नवी बरणी मुलासाठी पुन्हा लावून दिली जाईल. इतर मुलांच्या वहीतून निरीक्षणे उतरवू नयेत. चंद्राची नोंद हजर झाल्याच्या दिवसापासून सुरू करावी, आणि मधल्या रिकाम्या चौकटी तशाच ठेवाव्यात; त्या दिवशी चंद्र कसा दिसला असेल, हे आधीच्या व नंतरच्या चित्रांवरून मुलाने पेन्सिलने फिकट रंगात काढावे आणि खाली "अंदाज" असे लिहावे.